माडीवरचे नकाशे कुणाकडे द्यावेत?

देवगड तालुक्यातल्या एका भगिनींचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"माझे वडील, अण्णा, आर्किटेक्ट होते. जे.जे.त शिकले, काही वर्षं मुंबईत एका फर्ममध्ये होते आणि १९७४ साली गावी परतले. पुढे चाळीसेक वर्षं शाळा, पतपेढ्या, दवाखाने, सरकारी कचेऱ्या, देवळांचे जीर्णोद्धार, चाकरमान्यांची घरं अशी कामं त्यांनी केली. दोन वर्षांपूर्वी ते गेले. माडीवरच्या खोलीत नकाशांच्या तीनशेएक गुंडाळ्या आहेत. शिवाय दोन लोखंडी कपाटं भरून फायली, साइटवरच्या डायऱ्या, फोटो, निगेटिव्ह आणि खोकाभर फ्लॉपी. यंदा मे महिन्यात कौलं उतरवून स्लॅब घालायचा आहे. भाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो, 'ह्या रद्दीचा काय करतलंस गो? स्कॅन कर नि टाक.' देवस्थानचे ट्रस्टी देवळाचे मूळ नकाशे मागतात. कॉलेजचा एक मुलगा प्रबंधासाठी बारा शिटं घेऊन गेला, चार महिने झाले. आईला वाटतं, घरातच अण्णांचं छोटं संग्रहालय करावं. अण्णांचे ड्राफ्ट्समन कणकवलीला असतात, आता थकले आहेत. हे सगळं जपणारी संस्था असते का? असली तर तिला विचारायचं कसं?"

ताई,

संस्था आहेत. मोजक्या आहेत, जागा आणि माणसं यांची सगळ्यांकडे टंचाई आहे, आणि प्रत्येक जण तुम्हाला आधी एकच विचारेल: नेमकं आहे काय तुमच्याकडे? आज तुमचं उत्तर 'तीनशे गुंडाळ्या आणि दोन कपाटं' एवढंच आहे. त्यावर कुठलीही शहाणी संस्था हो म्हणणार नाही. जी लगेच म्हणेल तिच्याकडे द्यायला मीच कचरेन. म्हणून आधी यादी करा, मग पत्रं लिहा. भाऊ, ट्रस्टी, आई या सगळ्यांना द्यायची उत्तरंही त्या यादीतूनच निघतील.

पण यादीच्याही आधी छप्पर. पहिलं कौल उतरण्यापूर्वी माडी रिकामी झालेली असायला हवी. 'दोन दिवसांचं तर काम, ताडपत्री टाकू' असं कंत्राटदार म्हणेल, त्याचं ऐकू नका. वळवाच्या एका सरीत ट्रेसिंग पेपर आकसतो, सुरकुततो आणि पुन्हा पहिल्यासारखा सपाट होत नाही. शिवाय कौलं उतरताना वर्षांची धूळ आणि उंदरांची घाण खाली येते ती वेगळीच. सगळं माजघरात आणा. बाहेरच्या भिंतीला काही टेकवू नका, चिऱ्याची भिंत पावसाळाभर ओल धरून असते. कागद फळीवर ठेवा, जमिनीपासून निदान वीतभर उंच, आणि मागे हात जाईल एवढी फट सोडा म्हणजे वाळवीची रेघ वेळेत दिसेल.

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदाला बुरशी धरते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात ती ८० च्या खाली क्वचितच येते. अशा हवेत लोक काळजीपोटी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधतात आणि आतली ओल आतच कोंडतात. त्यापेक्षा जुनं, धुतलेलं सुती कापड बरं, फक्त त्याला खळ नको. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद कापडी रुमालांत बांधून राहिले, त्यात शहाणपण होतं. प्लंबरकडचे पीव्हीसी पाइप मात्र टाळा. पाणी लागत नाही, उंदीर शिरत नाही म्हणून ते सोयीचे वाटतात, पण त्यांतून निघणाऱ्या वाफा कागदाला बाधतात. कापडाच्या दुकानात तागे गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या जाड नळ्या मिळतात, त्या मागून आणा. आणि नकाशा नळीत कोंबायचा नाही. नळीवर आधी स्वच्छ कागद, त्यावर नकाशा, वरून कापड, मग सैलसर नाडी. रबर बँड आणि सेलोटेप नकोत, टाचण्या दिसतील तिथे अलगद काढा. डांबराच्या गोळ्याही नकोत. त्यांनी कसर जाते की नाही ते बाजूला ठेवा, पेटी उघडणाऱ्या माणसाच्या छातीत मात्र तो वास भरतो. बुरशी आलेल्या गुंडाळ्या वेगळ्या काढा, उन्हात न टाकता सावलीत वाऱ्यावर वाळवा, आणि झटकताना तोंडाला मास्क हवाच.

आता यादी.

काहीही हलवण्यापूर्वी खोलीचे फोटो काढा. प्रत्येक फळी, प्रत्येक ड्रॉवर. कुठली गुंडाळी कुठल्या फायलीशेजारी होती यातही माहिती असते, आणि ती एकदा विस्कटली की परत मिळत नाही. तुम्हाला गावाप्रमाणे किंवा सालाप्रमाणे सगळं 'नीट' लावावंसं वाटेल. हौसेने घर आवरणारी माणसं इथेच घोटाळा करतात. अण्णांनी जसं ठेवलं होतं तसंच राहू द्या, फक्त क्रमांक घाला.

मग अण्णांचं जॉब रजिस्टर शोधा. आर्किटेक्टच्या ऑफिसात बहुधा प्रत्येक कामाला नंबर दिलेला असतो. तो एका वहीत मांडलेला असतो आणि नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीतही लिहिलेला असतो. ती वही हाती लागली तर निम्मी यादी तयार आहे असं समजा. नाही लागली तर फीच्या बिलांच्या फायलीतून ती उभी करता येते. प्रत्येक गुंडाळीसाठी एवढंच लिहा: क्रमांक, काम, गाव, साल, शिटं किती, कशावर काढलेली, अवस्था कशी. नंबर नकाशावर पेनने घालायचा नाही. चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून ती नाडीला बांधा.

कणकवलीच्या ड्राफ्ट्समनकाकांकडे छप्पर व्हायची वाट न बघता जा. सोबत नकाशांचे फोटो न्या आणि मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करून घ्या. अर्ध्या शिटांवर साल नसेल, काहींवर मालकाचं नावही नसेल. अक्षर कुणाचं, बदल का केला, काम मध्येच का थांबलं, हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत असणार? शक्य असेल तर जुन्या मिस्त्रींनाही बोलतं करा. संस्थेकडे संग्रहासोबत असं ध्वनिमुद्रण गेलं तर त्याचं वजन कितीतरी वाढतं.

कागद ओळखायला शिकणं अवघड नाही. पेन्सिलीने किंवा शाईने काढलेलं ट्रेसिंग हे मूळ. कधी ते खळ दिलेल्या कापडावरही असतं, त्याला पाण्याचा थेंब लागू देऊ नका. निळ्यावर पांढऱ्या रेषा असल्या तर तो खरा ब्लूप्रिंट, बहुधा अण्णांच्या आधीच्या काळातला, कुणाकडून तरी त्यांच्याकडे आलेला. तो उजेडात फिका पडतो आणि अंधारात ठेवला तर थोडाफार परत येतो. अल्कली त्याला मारक आहे, म्हणून ॲसिड-फ्री म्हणून मिळणाऱ्या कागदांपैकी कॅल्शियम कार्बोनेट घातलेले कागद त्याला लावायचे नाहीत. पांढऱ्यावर निळ्या-जांभळ्या रेषा असतील तर तो अमोनिया प्रिंट. तुमच्याकडे सगळ्यांत जास्त हेच निघतील. ते स्वतः पिवळे पडतात आणि शेजारच्या कागदालाही डाग देतात, त्यामुळे त्यांचा गठ्ठा वेगळा ठेवा.

अमोनिया प्रिंट म्हणजे नक्कल, असं म्हणून तुमचे भाऊ आधी त्यांच्यावरच हात टाकतील. त्यांना थांबवा. कोरी प्रत असेल आणि तिचं ट्रेसिंग शाबूत असेल तर ती खरंच जाऊ द्यायला हरकत नाही. पण ज्या प्रतीवर ग्रामपंचायतीचा किंवा नगररचना खात्याचा मंजुरीचा शिक्का आहे, अण्णांनी लाल पेन्सिलीने खिडकी सरकवली आहे, मागच्या बाजूला मिस्त्रीने चिऱ्यांचा हिशोब मांडला आहे, ती प्रत जगात एकच आहे. बांधकाम मूळ ट्रेसिंगप्रमाणे झालं की त्या लाल पेन्सिलीप्रमाणे, हे तीच सांगते.

यादी होत आली की एक गोष्ट मनाशी पक्की करा: हे कागद कुणाला आणि का हवे असतील? तुमच्या शेजारच्या आचऱ्यात १९१६ साली जन्मलेले वास्तुकार अच्युत कानविंदे जे.जे.तून हार्वर्डला गेले, वॉल्टर ग्रोपियसच्या हाताखाली शिकले आणि पुढे कानपूरच्या आयआयटीचा परिसर त्यांनी घडवला. अशांच्या कागदांच्या शोधात अभ्यासक आपणहून येतात. विख्यात वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी आपली सहा हजारांहून जास्त ड्रॉइंग लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सला दिली आणि २०१३ साली तिथे त्यांचं प्रदर्शन भरलं. (ती भारतात का राहू शकली नाहीत, हा प्रश्न मला अजूनही टोचतो.) अण्णांची गोष्ट निराळी आहे. पत्रात 'कोकणचे कोरिया' असं लिहिलंत तर वाचणारा तिथेच कागद बाजूला ठेवेल.

अण्णांच्या खोलीत आहे ती या किनाऱ्याची चाळीस वर्षं. ते परतले तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला आणि ओरोसला नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. १९९७ साली तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ पासून कोकण रेल्वे पुरती धावू लागली. याच काळात चिरा, लाकूड आणि मंगलोरी कौलं मागे पडत गेली आणि सिमेंट, सळई, स्लॅब आले. पडवीला ग्रिल लागली, माजघराचा हॉल झाला. हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पण कुठल्या साली, कुणाच्या पैशाने, कुणाच्या हट्टाने आणि किती खर्चात झालं, हे एका माणसाच्या सलग कागदांत सापडणं दुर्मीळ आहे.

म्हणून देखणी शिटं वेगळी काढू नका. पाण्याच्या रंगात रंगवलेला बंगल्याचा देखावा सगळ्यांना आवडेल, पण माझ्या मते तुमच्या माडीवरची सर्वांत मोलाची वस्तू जीर्णोद्धारांच्या फायलींत असणार. देऊळ उतरवण्यापूर्वी अण्णांनी जुन्या लाकडी सभामंडपाची मापं घेतली असतील, खांबांचे फोटो काढले असतील. तो मंडप आता नाही. कदाचित त्याची दुसरी नोंदही कुठे नसेल. दिल्लीत वास्तुकार राज रेवाल यांचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह एप्रिल २०१७ मध्ये रातोरात पाडलं गेलं, तेव्हा देशभर हळहळ झाली. गावच्या मंडपासाठी तसं कुणी हळहळत नाही, म्हणून त्याची मापं जपायची. त्याच फायलींत वाळूच्या ब्रासचे भाव असतील, चिऱ्याचे दर असतील, ठेकेदाराशी झालेली पत्रापत्री असेल. नकाशा दिला आणि फाइल रद्दीत घातली, तर कसं बांधायचं ठरलं ते उरतं. तसंच का ठरलं, ते जातं.

आता कुठे विचारायचं ते.

पहिलं पत्र मी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाला लिहीन. १९६२ साली वास्तुकलेची शाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था. सेप्ट आर्काइव्ह्ज हा तिथला विभाग नेमकं हेच काम करतो: आर्किटेक्टांचे नकाशे, फायली, फोटो जमवायचे, त्यांची सूची करायची, अभ्यासकांना उपलब्ध करून द्यायचे. नकाशे हाताळायची सवय असलेली माणसं तिथे आहेत, आणि माझ्या दृष्टीने अर्धी लढाई तीच आहे.

दुसरं पत्र मुंबईच्या सर जे. जे. वास्तुशास्त्र महाविद्यालयाला. अण्णा तिथले विद्यार्थी. कदाचित त्यांना फक्त विद्यार्थिदशेतली शिटं हवी असतील. तसं असेल तर 'कळवते' म्हणा आणि बाकीच्यांची उत्तरं येईपर्यंत थांबा. तिसरं पत्र पणजीच्या गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चरला. तुम्हाला मुंबईपेक्षा ते जवळ, तिथेही तोच चिरा, तीच कौलं, तोच पाऊस, आणि शिकणाऱ्या मुलांना अण्णांचे नकाशे रोजच्या उपयोगाचे. पणजीतच चार्ल्स कोरिया फाउंडेशनही आहे. कुणाचाही संग्रह ठेवून घेणं हे काही त्यांचं काम नाही, पण आणखी कुणाला विचारावं हे विचारायला तिथे जरूर जा. राज्याचं पुराभिलेखागार मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, १८२१ पासूनचं. त्याचा भर सरकारी दप्तरावर, त्यामुळे अण्णांच्या सरकारी कामांबद्दल त्यांना कळवावं, बाकीच्यासाठी फार आशा धरू नये.

इथे एक नाजूक गोष्ट येते. 'कोकणातलं कोकणातच राहावं' असं तुम्हाला कुणीतरी म्हणेलच, आणि ते म्हणणं चूक नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. या भागात पुस्तकं आणि कागद जपणारी माणसं कमी नाहीत. पण २००५ च्या पुरात चिपळूणच्या वाचन मंदिराची पुस्तकं भिजली, जुलै २०२१ मध्ये पुन्हा भिजली, आणि दोन्ही वेळा त्या लोकांनी संस्था परत उभी केली. निष्ठेचा प्रश्नच नाही. प्रश्न पाण्याचा आणि हवेचा आहे. शिवाय ए-झिरो, म्हणजे नकाशाच्या सर्वांत मोठ्या नेहमीच्या आकाराचं शीट सपाट ठेवायला रुंद ड्रॉवरची खास कपाटं लागतात आणि वर्षभर आर्द्रता आटोक्यात ठेवणारी खोली लागते. माझं मत स्पष्ट आहे: मूळ कागद अशा खोलीत जावेत, मग ती अहमदाबादला असली तरी चालेल. यादी आणि स्कॅनच्या प्रती मात्र आपल्या जिल्ह्यातल्या वाचनालयात हव्यातच, आणि तशी अट करारात घाला.

अण्णांनी बांधलेली एखादी शाळा किंवा पतपेढी 'आम्ही ठेवतो की' म्हणेल. आभार माना आणि एक चांगली छापील प्रत फ्रेम करून द्या. संचालक मंडळ बदललं की कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसतं.

पत्र दोन पानांचं लिहा, त्याहून मोठं नको. पहिल्या पानावर अण्णांची ओळख: जन्म, शिक्षण, कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी, मुंबईतलं काम, गावी परतल्याचं साल, ठळक दहा-बारा कामं आणि त्यांतली आज कुठली उभी आहेत. दुसऱ्या पानावर संग्रह: गुंडाळ्या किती, फायली फळीवर किती फूट भरतात, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, काय खराब झालंय. खराबी लपवू नका, बुरशीची एक पेटी त्यांच्या अख्ख्या खोलीला महागात पडते. सोबत यादी आणि दहाएक फोटो. मूळ शीट नमुना म्हणून पाठवायचं नाही. महिनाभरात उत्तर आलं नाही तर फोन करा. नकार आला तर मनाला लावून घेऊ नका आणि 'मग आणखी कुणाला विचारू?' हे विचारल्याशिवाय फोन ठेवू नका. होकार आला तर तुमच्या विचारण्याची पाळी: सूची किती काळात होईल? बघायला कोण येऊ शकेल? तुम्हाला नको असलेलं परत द्याल की परस्पर टाकाल? संस्था बंद पडली किंवा विभाग गुंडाळला तर कागद कुठे जातील? या शेवटच्या प्रश्नावर जो चिडेल त्याच्याकडे देऊ नका.

कुणीच सगळं घ्यायला तयार नसेल तर तोडायची वेळ येईल. तेव्हा कामाप्रमाणे तोडा. एका देवळाचे नकाशे, फाइल, फोटो, डायरी हे सगळं एकाच ठिकाणी जायला हवं. आणि कुठलं काम कुठे गेलं ते मूळ यादीत लिहून ठेवा.

आता भावाचं स्कॅन. स्कॅन करायचंच आहे, फक्त 'टाक' हा भाग सोडा. एक ए-झिरो शीट ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं तर सुमारे १४ कोटी पिक्सेल होतात, न दाबलेली फाइल ४०० एमबीच्या पुढे जाते. भावाला म्हणावं, अशी दोन हजार शिटं आठशे जीबी खातात. त्या हार्ड डिस्कची दुसरी प्रत कोण करणार, चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर कोण उतरवणार? कागदाला एवढी सेवा लागत नाही. शिवाय झेरॉक्सवाल्याकडच्या रोलरच्या मशीनमध्ये जुनं, कडक झालेलं ट्रेसिंग फाटतं. घालायचंच झालं तर पारदर्शक पॉलिस्टरच्या पाकिटात घालून. यादीपुरते मोबाइलचे फोटो पुरे, मोठं स्कॅनिंग संस्थेच्या माणसांना करू द्या. भावाला खरंच हातभार लावायचा असेल तर फ्लॉपींचं खोकं त्याच्याकडे पाठवा. त्यांतल्या ऑटोकॅडच्या, म्हणजे संगणकावर काढलेल्या नकाशांच्या फायली आजच वाचून उतरवून घ्यायला हव्यात, कागद थांबतील पण फ्लॉपी थांबणार नाही.

ट्रस्टींना पूर्ण संचाची छापील प्रत आणि पेन ड्राइव्ह द्या, मूळ नाही. पुढच्या दुरुस्तीला त्यांना मापंच लागणार आहेत आणि ती प्रतीतही तितकीच खरी असतात. त्या विद्यार्थ्याच्या कॉलेजच्या प्राचार्यांना आठ ओळींचं नम्र पत्र टाका, बारा शिटांचं वर्णन देऊन. मुलगा वाईट नसतो हो, परीक्षा आटोपली की गुंडाळी पलंगाखाली जाते. यापुढे पावतीशिवाय काहीही उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नका.

आईंच्या संग्रहालयाबद्दल मी थोडी कठोर बोलते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत किती घरांची छपरं गेली ते आपण पाहिलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं ते तुमच्याच किनाऱ्याला घासून गेलं. घर स्लॅबचं झालं तरी दमट हवा जात नाही, आणि तुमच्यानंतर त्या खोलीचं कोण बघणार? पण अण्णांचा ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, शाईची पेनं, चष्मा या वस्तू संस्था बहुधा घेतही नाहीत. त्या आईंकडेच राहू द्या, भिंतीवर चार नकाशांच्या प्रती लावा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवायला तेवढं पुरेसं आहे.

कायद्याचं थोडक्यात. कागद ही जंगम मालमत्ता, तिचं दान प्रत्यक्ष ताबा देऊनही पुरं होतं, नोंदणी सक्तीची नाही. तरीही लेखी दानपत्र कराच, आणि अण्णांनी मृत्युपत्रात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर त्यावर आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांच्याही सह्या हव्यात. 'ठेव म्हणून ठेवा, मालकी आमची' असं म्हणू नका. परत न्यायच्या कागदांवर कुठलीच संस्था मनापासून खर्च करत नाही.

कॉपीराइट ही वेगळी गोष्ट आहे. कागद दिले म्हणून तो आपोआप जात नाही. करारात वेगळं ठरलं नसेल तर अण्णांनी स्वतःच्या व्यवसायात काढलेल्या नकाशांचा हक्क त्यांचा होता, आता वारसांचा आहे, आणि त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. मुंबईच्या फर्ममध्ये नोकरीत काढलेल्या नकाशांचा हक्क बहुधा त्या फर्मचा, सरकारसाठी केलेल्या कामांचं तर आणखी निराळं असू शकतं. यादीत तशी खूण करा. संस्थेला हक्क किंवा परवानगी देताना मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. दानपत्र एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला.

काही फायली लगेच खुल्या करायच्या नसतात. पतपेढीच्या तिजोरीच्या खोलीचे नकाशे, भावाभावांच्या वाटणीची पत्रं, फी बुडवणाऱ्यांशी झालेली खडाजंगी. फाडून टाकू नका, वेगळ्या पेटीत घाला आणि 'अमुक वर्षांपर्यंत बंद' अशी अट लिहून द्या. पंचवीस वर्षं म्हटलंत तर संस्था कुरकुरणार नाही.

पैशांचं म्हणाल तर कागदांचे पैसे मिळतील ही आशा सोडा. उलट जमलं तर पेट्या आणि पाकिटांच्या खर्चासाठी थोडी रक्कम सोबत द्या, कामाला वेग येतो. वस्तू दान केल्यावर देणगीवरची आयकराची सवलत मिळत नाही. रोख रकमेऐवजी चेकने दिलेल्या देणगीवर, संस्थेला तशी मान्यता असेल तर, मिळू शकते.

पाठवायचं ते पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत. एसटीच्या पार्सलने नको आणि लक्झरीच्या डिकीतून तर नकोच. बंद टेम्पो करा आणि घरचं एक माणूस बरोबर जाऊ द्या. यादीच्या दोन प्रती न्या, तिथे पेटीगणिक खूण करून घ्या, आणि एका प्रतीवर त्यांची सही-शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो रिकामा परत सोडू नका.